घर विकणे आहे : रस्त्याकडेच्या हाती रंगवलेल्या पाटीविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मंडणगडपासून सावंतवाडीपर्यंत कुठल्याही गावात जा, एखाद्या बंद घराच्या बेड्याला (आवाराच्या फाटकाला) पाटी टांगलेली दिसतेच. त्यातल्या बऱ्याच पाट्यांवरचा नंबर पावसानं धुतलेला असतो. काही इतक्या बारीक अक्षरांत असतात की वाचेपर्यंत गाडी पुढच्या वळणावर गेलेली असते. मी राजापूर-लांजा भागात पाट्या रंगवतो. दुकानांच्या, देवळांच्या आणि अलीकडे घर-जागा विकणाऱ्यांच्या जास्तच. पाटी सांगायला येणारी माणसं जे विचारतात ते सगळं इथे एकत्र केलं आहे. कायद्याचा भाग कामापुरता दिला आहे, व्यवहाराआधी कागद वकिलाला दाखवावेतच.

फोनवर जाहिरात टाकता येते, मग पाटी कशाला?

दोन्ही करा. पण दोन्हीची गिऱ्हाइकं वेगळी असतात. फोनवर बघणारा पुण्यात बसून पन्नास घरं बघतो आणि त्यातल्या एकाचंही गाव त्याला ठाऊक नसतं. पाटी वाचणारा तुमच्या रस्त्यावर आलेला असतो. त्यानं घाट उतरलेला असतो, खड्डे सोसलेले असतात, तरी त्याला इथे घर हवं असतं. कोल्हापूर-सांगलीची मंडळी आंबा, अणुस्कुरा किंवा करूळ घाटानं उतरून समुद्रावर जातात, कराडची कुंभार्ली घाटानं येतात. परतताना गाडीतल्या गाडीत "इकडे एक घर बघूया का" हा विषय निघतोच. त्या वेळी पाटी समोर असली तर फोन लागतो.

आणि पुष्कळदा घेणारा बाहेरचा नसतोच. पलीकडच्या वाडीतला कुणीतरी मुलासाठी जागा शोधत असतो. तुम्हाला विकायचं आहे हे त्याला माहीत नसतं, कारण तुम्ही कुणाला सांगितलेलं नसतं.

हातानंच का? तालुक्याला फ्लेक्स तासाभरात छापून मिळतो.

मिळतो. पण फ्लेक्स दिसला की लोक समजतात, कुणीतरी प्लॉट पाडून विकतोय. हाती रंगवलेली पाटी दिसली की समजतात, घरमालक स्वतः विकतोय, मध्ये कुणी नाही. फोन येतो तो त्या विश्वासावर. शिवाय आपल्याकडचा वारा फ्लेक्सला दोरीच्या भोकापासून फाडायला लागतो, आणि एकदा फाटला की तो रात्रभर फडफडत राहतो. अमेरिकेत घर घेणारे-विकणारे दलाल मुद्दाम हातानं लिहिलेल्या, अठरा बाय चोवीस इंचांच्या प्लास्टिकच्या पाट्या चौकाचौकांत खोचतात, त्यांना तिकडे ‘बँडिट साइन’ म्हणतात. म्हणजे मालक नसलेलेही मालकासारखं दिसायला हाताचं अक्षर वापरतात! तुम्ही तर खरेच मालक आहात.

पाटी लावण्याआधी काय करावं?

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. तुमची पाटी गिऱ्हाइकाआधी भाऊबंद वाचतात. सकाळी लावली तर दुपारपर्यंत मुंबईला डोंबिवली-विरारपर्यंत बातमी पोचते, आणि संध्याकाळी पहिला फोन येतो तो चुलतभावाचा: "आमका काय विचारूचा नाय काय?"

आपल्याकडच्या अनेक गावांना आखीव गावठाण नाही. वाड्या विखुरलेल्या, घरं शेतजमिनीच्या सातबाऱ्यावरच उभी. घराची घरपट्टी तुमच्या नावावर येते म्हणून घर तुमचं वाटतं. पण ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा हा कर भरण्यापुरता असतो, तो मालकीचा पुरावा नव्हे. खालच्या जमिनीचा सातबारा काढलात की त्यावर आजोबांचं नाव, तीन काकांच्या वारसांची नावं, लग्न होऊन गेलेल्या आत्यांची नावं, आणि इतर हक्कात एखादं कूळही सापडतं. हिंदू वारसा कायद्याच्या २००५च्या दुरुस्तीनंतर वडिलार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. "बहिणी काय विचारणार" असं म्हणत पाटी लावणाऱ्याच्या घरी पुढे काय होतं, ते मी रंग वाळेपर्यंत ऐकत बसतो.

तर आधी सातबारा, आठ-अ (खातेदाराच्या नावावरच्या जमिनींचा उतारा) आणि जुने फेरफार काढा. तलाठ्याकडे जा (२०२४पासून त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण गावात तलाठीच चालतं). भोगवटादार वर्ग दोनची (सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी) जमीन असेल तर परवानगीचं आधी विचारून घ्या. मग सगळ्या हिस्सेदारांना फोन करा. त्यांच्यातलाच कुणी घ्यायला तयार झाला तर पाटीचा खर्चही वाचला. सामाईक वारसांपैकी एकानं आपला हिस्सा विकायला काढला तर बाकीच्यांना तो आधी घेण्याचा हक्क हिंदू वारसा कायद्याच्या कलम २२मध्ये आहे, हेही लक्षात ठेवा. सगळ्यांचं "हो" आल्यावर रंगाचा डबा उघडा. चतुर्थीला सगळे गावी जमतात, तेव्हा हे बोलणं समोरासमोर होतं आणि लवकर मिटतं. निदान भांडण तरी समोरासमोर होतं.

पाटीवर नक्की काय लिहायचं?

तीन ओळी.

घर विकणे आहे
५ गुंठे, विहीर
(फोन नंबर)

बस. लोक मला कागदावर बारा ओळी लिहून आणून देतात. चिरेबंदी, पाच खोल्या, पडवी, मागे मांगर, हापूसची सात कलमं, दोन नारळ, रस्ता टच, थ्री फेज, शाळा जवळ. हे सगळं फोनवर सांगायचं. पाटीचं काम एकच, वाचणाऱ्याला फोन लावायला लावणं. दुसऱ्या ओळीत गिऱ्हाईक ज्यावर थांबेल अशी एकच गोष्ट टाका. कोकणात बारमाही पाण्याच्या विहिरीपुढे बाकी सगळं दुय्यम आहे. मे महिन्यात विहिरीला पाणी राहत असेल तर खुशाल ‘बारमाही विहीर’ लिहा. राहत नसेल तर नुसतं ‘विहीर’ लिहूनही फसवू नका, गिऱ्हाईक मे महिन्यातच येतं.

क्षेत्र गुंठ्यांत लिहा. सातबाऱ्यावर ते हेक्टर-आरमध्ये असतं. एक आर म्हणजे शंभर चौरस मीटर, गुंठ्याच्या अगदी जवळ. एक गुंठा १०८९ चौरस फूट, चाळीस गुंठ्यांचा एकर. मुंबईकराला चौरस फूट कळतात, ते फोनवर सांगा.

‘तातडीने विकणे’ लिहू नका. तातडी दिसली की भाव पडतो.

किंमत लिहावी का?

माझ्या मते नाही. किंमत लिहिली की गिऱ्हाइकाआधी गावात चर्चा सुरू होते, आणि शेजारच्या जागेचा मालक त्यावरून आपला भाव ठरवतो. पण फोनवर विचारल्यावर मात्र लगेच आकडा सांगा. "या तुम्ही, बसून बोलू" हे ऐकून शहरातला माणूस फोन ठेवतो आणि परत करत नाही. दोनशे किलोमीटर येऊन बसून बोलायला त्याला वेळ नसतो.

नंबर मराठी आकड्यांत की इंग्रजी?

इंग्रजी आकड्यांत. मराठीचा अभिमान मलाही आहे, वरच्या दोन ओळी मराठीच ठेवा. पण रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्यांत गोवा आणि कर्नाटकच्याही असतात. आपला ४ लांबून इंग्रजी आठसारखा दिसतो आणि आपला १ इंग्रजी नवासारखा. मराठी न वाचणाऱ्यानं नंबर चुकीचा लावला तर फोन तिसऱ्याच माणसाला जातो. इंग्रजीतसुद्धा एकाला खाली पाय द्या आणि साताला मध्ये आडवी रेघ मारा, नाहीतर दोघांत गोंधळ होतो. दहा आकडे सलग लिहू नका. पाच, मग मोकळी जागा, मग पाच. गाडीतल्या माणसाच्या तोंडात पाचच आकडे राहतात.

पाटी केवढी असावी?

आरामात वाचायचं तर दर दहा फुटांना एक इंच उंचीचं अक्षर, हा पेंटर लोकांचा अंदाज. ताणून वाचलं तर त्याच्या दुपटीनं लांबूनही जमतं. आता गाडीचा हिशेब करा. ताशी ४० किलोमीटरनं जाणारी गाडी सेकंदाला ११ मीटर पुढे सरकते. तीन सेकंद मिळाले तर ३३ मीटर, म्हणजे शंभर-सव्वाशे फूट. तेवढ्यात माणसाला तीन ओळी वाचायच्या आहेत. म्हणून सहा इंचांखाली पहिली ओळ जाऊ देऊ नका.

तीन फूट रुंद, दोन फूट उंच पाटी गावच्या रस्त्याला पुरते. छत्तीस इंच रुंदीत ‘घर विकणे आहे’ची सात अक्षरं प्रत्येकी चार इंच धरून आणि दोन मोकळ्या जागा सोडून व्यवस्थित बसतात. खाली दहा आकडे प्रत्येकी तीन इंच रुंद धरले तर तीस, मध्ये दोन इंच मोकळे, दोन्ही कडांना दोन-दोन. बरोबर छत्तीस. उंचीत मात्र फसगत होते. मराठी अक्षराला वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार लागतो, त्यामुळे सहा इंचांच्या अक्षराला ओळ नऊ इंचांची धरावी लागते. चोवीस इंचांत पहिल्या ओळीला नऊ, दुसरीला सहा (त्यातलं अक्षर चार इंचांचं), नंबरला सात, उरलेले दोन वर-खाली. आकड्यांना मात्रा नसतात, म्हणून नंबर भरीव येतो.

कशावर आणि कशानं रंगवायची?

वॉटरप्रूफ प्लाय, बारा मिलिमीटर. आठ बाय चारच्या शीटमधून तीन बाय दोनचे पाच तुकडे निघतात आणि थोडं उरतं, त्याचे बाण करायचे. जुना पत्रा असेल तर तोही चालतो, पण खाऱ्या वाऱ्यात समुद्राकडच्या गावांत पत्रा भोकांपासून गंजतो आणि गंजाचे ओघळ अक्षरांवर येतात. पुठ्ठा, चार्ट पेपर, वर प्लास्टिकची पिशवी हे काही करू नका. आत दमटपणा साठतो, शाई पसरते. मार्कर पेनची अक्षरं उन्हानं उडतात.

प्लाय पाणी पितो तो कडेनं. म्हणून सगळ्यात आधी चारही कडांना रंगाचे दोन हात द्या, मग समोर आणि मागे प्रायमर, मग पांढरा किंवा पिवळा ऑइल पेंट. मागची बाजू कोरी सोडली तर पाटी पहिल्याच पावसात केळीच्या पानासारखी वाकते. रात्रभर वाळू द्या, हवेत दमट असेल तर आणखी एक दिवस. मग अक्षरं. काळी. लाल रंग लोकांना फार आवडतो, पण उन्हात पहिला तोच फिका पडतो. पिवळ्यावर काळं फार लांबून दिसतं.

टांगायला जीआय (जस्ताचा मुलामा दिलेली) तार. साधा खिळा वापरू नका, गंजून सुटतो. खांब लावायचा तर चिव्याचा बांबू किंवा जुना वासा, जमिनीत जाणाऱ्या भागाला डांबर फासून. नाहीतर वाळवी वर्ष काढू देत नाही.

माझं अक्षर चांगलं नाही.

लागतही नाही. सरळ असलं की झालं. आधी पट्टीनं किंवा सूत मारून शिरोरेषा काढा आणि अक्षरं तिला खाली टांगत जा. खालच्या रेषेवर अक्षरं बसवायला गेलात तर ओळ नागमोडी होते. तरीही हात थरथरत असेल तर शाळेतल्या मुलाकडून मोठ्या कागदावर अक्षरं लिहून घ्या. कागदाच्या मागे खडू घासा, कागद पाटीवर चिकटवून पेन्सिलनं अक्षरांच्या कडा गिरवा. पाटीवर खडूची रेघ उठते, ती ब्रशनं भरायची. एक इंची चपटा ब्रश, रंग थोडा जाड. टर्पेंटाइन जास्त झालं की रंग ओघळतो.

जोडाक्षरं टाळता आली तर टाळा. ‘विक्रीकरिता उपलब्ध’पेक्षा ‘विकणे आहे’ लांबून सुटसुटीत दिसतं.

चिऱ्याच्या गडग्यावरच (कुंपणाच्या भिंतीवर) लिहिलं तर?

चिरा म्हणजे जांभा दगड, त्याला भोकं असतात. रंग आत जातो, कडा फुटतात, आणि पावसाळ्यात त्यावर शेवाळ चढतं. गडगा तुमचा असेल तर त्यावर पाटी ठेवा, लिहू नका.

महामार्गाला पाटी लावता येईल का?

तुमची स्वतःची जागा महामार्गाला लागून असेल आणि पाटी तुमच्या हद्दीत असेल तर वेगळी गोष्ट. नाहीतर नाही. रस्त्याची हद्द डांबराच्या कडेला संपत नाही. महामार्ग ६६च्या दोन्ही बाजूंना हद्दीचे दगड आहेत, त्यांच्या आतली जमीन सरकारची, आणि २००२च्या राष्ट्रीय महामार्ग नियंत्रण कायद्याखाली तिथे परवानगीशिवाय काहीही उभं करता येत नाही. बावनदी, हातखंबा, पाली, खारेपाटण असा चौपदरी पट्टा धरला तर तसाही उपयोग कमीच. ताशी ८० किलोमीटरनं जाणारा ब्रेक मारून तुमचा नंबर टिपत नाही, आणि मारलाच तर मागच्याला धोका.

राज्य मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाचे, गावचे रस्ते जिल्हा परिषदेचे किंवा ग्रामपंचायतीचे. तिथेही नियम तोच, आपल्या किंवा परवानगी घेतलेल्या खाजगी जागेत. नगर परिषद किंवा नगर पंचायतीच्या हद्दीत असाल (चिपळूण, खेड, दापोली, गुहागर, लांजा, कणकवली, कुडाळ वगैरे) तर आधी कार्यालयात विचारून घ्या. राज्यात मालमत्तेच्या विद्रूपणाविरुद्ध १९९५चा कायदा आहे. दुसऱ्याच्या किंवा सार्वजनिक भिंतीवर लिहिलं-चिकटवलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद, दोन हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मे २०२४मध्ये घाटकोपरला होर्डिंग पडून १७ माणसं गेली, तेव्हापासून मोठ्या फलकांवर नजर आणखी कडक झाली आहे. तुमची पाटी त्यापुढे काहीच नाही, पण मोहीम निघाली की माणसं लहान-मोठं बघत नाहीत, सगळंच ट्रॅक्टरमध्ये टाकून नेतात. निवडणुकीच्या आचारसंहितेतही तेच होतं.

झाडाला किंवा विजेच्या खांबाला?

नाही. महावितरणच्या खांबाला पावसात तार गुंडाळणं म्हणजे जिवाशी खेळ. रस्त्याकडेच्या झाडाला खिळा मारलात तर त्या जखमेतून पाणी शिरून खोड कुजतं. मैलाचा दगड, दिशादर्शक फलक, एसटीचा निवारा, देवळाचा गडगा आणि देवराईचं झाड हेही सोडा. देवराईच्या झाडाला खिळा मारणाऱ्याशी गावात कुणी व्यवहार करणार नाही.

मग लावायची कुठे?

एक तर घराच्या बेड्यापाशी. दुसरी मुख्य रस्त्यावरून तुमच्या वाडीकडे वळताना, तिठ्यावरच्या दुकानात. दुकानदाराला विचारा, वाटल्यास महिन्याचं काहीतरी ठरवा. चहाच्या टपरीइतकी चांगली दुसरी जागा नाही, कारण तिथे माणूस उभा राहतो आणि विचारतो, "हे घर कुणाचं?" टपरीवाल्याला घराची माहिती देऊन ठेवा. तो तुमच्या पाटीपेक्षा जास्त विकेल.

किनाऱ्याच्या रस्त्यावर फेरीबोटीच्या जेट्टीकडे जाणारे रस्ते फार उपयोगाचे: दाभोळ–धोपावे, जयगड–तवसाळ, वेसवी–बागमांडले, दिघी–आगरदांडा. सुट्टीत तिथे गाड्या रांगेत उभ्या राहतात आणि आतली माणसं इकडेतिकडे बघत बसतात. जेट्टीवर नाही, तिच्या अलीकडच्या एखाद्या हॉटेलवाल्याच्या अंगणात, त्याला विचारून.

पाटी रस्त्याला समांतर लावू नका. येणाऱ्या गाडीकडे थोडी वळवून, डाव्या बाजूला. खालची कड जमिनीपासून चार फूट तरी वर हवी, ऑगस्टमध्ये गवत तेवढं वाढतंच.

वाडी आत आहे. माणूस चुकतो.

प्रत्येक फाट्यावर एक बाण. बाणावर फक्त ‘घर विक्री’ आणि बाण, नंबर नको. तोही खाजगी जागेतच, विचारून. फोनवर नकाशाचं लोकेशन पाठवा, पण ते स्वतः एकदा गाडीनं तपासून बघा. नकाशा पुष्कळदा माणसाला पाखाडीच्या तोंडाशी आणून सोडतो, आणि पाखाडीच्या पायऱ्या गाडीला उतरता येत नाहीत.

लावायचा चांगला हंगाम कुठला?

चतुर्थीच्या आठवडाभर आधी, शिमग्याला, आणि दिवाळी ते मे. चाकरमानी येतात तेव्हा रस्ता भरलेला असतो आणि घेणारेही त्यांच्यातच असतात. मे अखेरीला पाटी उतरवून पडवीत ठेवा. वळवाच्या वाऱ्यात उडालेला प्लाय एखाद्या दुचाकीवाल्याला लागला तर प्रकरण तुमच्यावर येतं. २०२०च्या निसर्ग वादळात श्रीवर्धन-मुरूडकडे घरांचे पत्रे उडाले, तिथे पाटीचं काय घेऊन बसता. पुसट झालेली अक्षरं ऑगस्टमध्ये परत भरा. ताजा रंग दिसला की लोकांना कळतं घर अजून विकायचंय.

‘सी व्ह्यू’ लिहिलं तर चालेल ना? गच्चीवरून दिसतो समुद्र.

गच्चीवरून, आणि नारळ कापल्यावर. नको. आलेल्या माणसाला पहिल्या मिनिटात खोटं सापडलं की तुमची बारमाही विहीरही त्याला खोटी वाटते. खरंच किनाऱ्याला लागून घर असेल तर त्याची दुसरी बाजू सांगावी लागते. २०१९च्या सीआरझेड (किनारा नियमन क्षेत्र) अधिसूचनेप्रमाणे ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून बांधकामाला बंदी असलेला पट्टा दाट वस्तीच्या भागात ५० मीटर आणि इतरत्र २०० मीटर आहे. घेणारा पाडून नवीन बांधायचा विचार करत असेल तर हे त्याला आधीच कळलेलं बरं.

‘एनए’ लिहू का?

बिनशेतीचा आदेश हातात असेल तरच. शेतजमीन असेल तर महाराष्ट्रात ती शेतकऱ्यालाच घेता येते (१९४८च्या कूळकायद्याचं कलम ६३). म्हणून फोनवर दोन मिनिटं बोलणं झालं की विचारा, "तुमच्या किंवा घरच्यांच्या नावावर कुठे सातबारा आहे का?" नसेल तर दोघांचा वेळ वाचतो. सातबाऱ्यातला तुकडा विकायचा असेल तर तुकडेबंदीचंही (ठरावीक क्षेत्राखालचा तुकडा विकण्यावरच्या बंदीचं) तलाठ्याला विचारा.

जागेचे प्लॉट पाडून विकायचे असतील आणि एकूण क्षेत्र ५०० चौरस मीटरच्या वर असेल तर महारेराची (स्थावर मालमत्ता प्रकल्पांवर नजर ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाची) नोंदणी लागते, नोंदणीशिवाय जाहिरात करता येत नाही. अशी पाटी घेऊन कुणी आलं की मी आधी नोंदणी क्रमांक मागतो. ऑगस्ट २०२३पासून अशा जाहिरातींवर क्यूआर कोडही लागतो. तो ब्रशनं काढता येत नाही, हे मी सांगून टाकतो!

आम्ही मुंबईत, घर गावी बंद. नंबर कुणाचा टाकू?

तुमचाच. शेजाऱ्याचा टाकलात तर भाव तो सांगेल. किल्ली मात्र शेजारी किंवा काकीकडे ठेवा, आणि दाखवण्याचे काही पैसे द्यायचे असतील तर ते आधीच ठरवा. मागाहून ठरवलं की वाकडं येतं. आठवड्यातून एकदा घर उघडून झाडायला सांगा. दार उघडल्यावर वटवाघळं अंगावर आली तर गिऱ्हाईक खळ्यातूनच परत फिरतं.

नंबर घ्यायचा तो वेगळ्या सिमचा घ्या. पाटीवर नंबर लागला की कर्ज हवंय का विचारणाऱ्यांचेही फोन सुरू होतात. आणि ज्या कंपनीची रेंज तुम्ही असता तिथे मिळते, तीच कंपनी.

दलालांचे फोन येतात. ‘दलाल क्षमस्व’ लिहू?

लिहा, फोन येतीलच. चांगला दलालही असतो, गिऱ्हाईक घेऊन आला तर त्याला नाही म्हणायचं कारण नाही. टक्के आधी आणि कागदावर ठरवा. "घर माझ्याकडेच द्या, पाटी काढा" म्हणाला तर पाटी काढू नका.

एकानं न बघताच इसार द्यायची तयारी दाखवली.

न बघता घर कोण घेतो? हा ठरलेला डाव आहे. "मी सैन्यात आहे, बदलीवर आहे, टोकन पाठवतो, हा कोड स्कॅन करा." पैसे घेण्यासाठी कोड स्कॅन करावा लागत नाही आणि पिनही टाकावा लागत नाही. पिन मागितला म्हणजे पैसे तुमच्या खात्यातून जाणार. फोन ठेवा, आणि पैसे गेलेच तर लगेच १९३०ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करा.

खरं गिऱ्हाईकही कधी रोख इसार पुढे करतं. मिळकतीच्या व्यवहारात वीस हजार किंवा जास्त रोख घेणं आयकर कायद्यात बसत नाही. चेक किंवा बँकेतून घ्या, आणि इसार पावतीवर सगळ्या हिस्सेदारांच्या सह्या असू द्या.

पाटी रात्रीत नाहीशी झाली. दोनदा.

एकदा वारा असेल, दोनदा माणूस. आमच्याकडच्या एका गिऱ्हाइकाची पाटी तीन पावलांवर विहिरीत सापडली, अक्षरं वर करून तरंगत होती. टाकणारा कोण ते वाडीत सगळ्यांना माहीत होतं. त्याची तक्रार विकण्याबद्दल नव्हतीच, पायवाटेबद्दल होती. नवीन मालकानं वाट बंद केली तर गुरं कुठून न्यायची? वाटेचं लिहून दिलं आणि पाटी राहिली. तेव्हा तिसरी पाटी रंगवायच्या आधी शेजाऱ्याकडे चहाला जा. वहिवाटीची वाट, पाण्याचा पाट, सामाईक विहीर यातलं काहीतरी निघेल. ते निस्तरल्याशिवाय गिऱ्हाईक आलं तरी टिकणार नाही.

विकून झाल्यावर?

खरेदीखत नोंदवलं त्याच आठवड्यात पाटी आणि सगळे बाण उतरवा. इसारावर उतरवू नका, इसार मोडतात. टपरीवाल्याला सांगा, नाहीतर तो वर्षभर माणसं पाठवत राहील. प्लाय चांगला असेल तर माझ्याकडे आणा, पांढरा हात मारून पुढच्याला कमी पैशांत देतो. फक्त जुना नंबर नीट खरवडून आणा, पातळ रंगाखालून तो परत दिसायला लागतो.